विजेच्या किटलीतला क्षाराचा थर इजा न करता कसा काढावा?

वालदेवीकाठ (प्रश्न)

नमस्कार. आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याच्या पुढे एका सोसायटीत राहतो. महापालिकेचे पाणी सकाळी थोडा वेळ येते. ते सगळ्या इमारतींना पुरत नसल्यामुळे सोसायटीच्या टाकीत बोअरचे पाणी मिसळले जाते आणि उन्हाळ्यात तर त्या मिश्रणात बोअरचाच वाटा जास्त असतो. दोन वर्षांपूर्वी आईसाठी दीड लिटरची, आतून स्टीलची, विजेची किटली घेतली. तिचे हात थरथरतात, त्यामुळे शेगडी पेटवण्यापेक्षा बटण दाबणे तिला सोपे जाते. सकाळचे कोमट पाणी, दोन वेळचा चहा आणि रात्री पिशवीत भरायचे गरम पाणी, असे सगळे मिळून रोज दोनेक लिटर पाणी त्या किटलीत उकळले जाते.

सुरुवातीला तळाशी पांढरट डाग दिसत होते. आता तेथे अंड्याच्या कवचासारखा खरखरीत, पिवळसर थर बसला आहे आणि पाणी ओतताना त्याच्या कपच्या पेल्यात येतात. गेल्या आठवड्यापासून आणखी एक गोष्ट सुरू झाली आहे, ती म्हणजे पाणी उकळण्याच्या आधीच किटली खटकन बंद पडते आणि थोडा वेळ थांबल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही.

मी तारेच्या घासणीने घासून पाहिले. थर जेमतेम निघाला, मात्र स्टीलवर ओरखडे उठले आणि दुसऱ्या दिवशी तेथे तांबूस ठिपके दिसू लागले. शेजारच्या काकूंनी संडास धुण्याचे ॲसिड झाकणभर टाकून पाच मिनिटे ठेवण्याचा सल्ला दिला. त्यांचे नळ आणि फरशा त्याने लखलखीत होतात हे खरे आहे, परंतु ज्या भांड्यातले पाणी आई पिते त्यात ते ओतण्याचे धाडस मला झाले नाही. दुसऱ्या एका परिचितांनी पाण्यात तुरटी फिरवून तेच पाणी उकळावे असे सुचवले.

हा थर कशाने काढावा, आजवर हे पाणी प्यायल्याने आईला काही अपाय झाला असेल का, आणि किटली दुरुस्त करावी की टाकून द्यावी, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त विज्ञानशिक्षक, नाशिक रोड

ते ॲसिड आपण ओतले नाही, हे फार चांगले केले. संडास धुण्याच्या द्रवात साधारणपणे हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. क्षार त्याने क्षणात विरघळेल यात शंका नाही, परंतु त्यातील क्लोराइड स्टीलच्या पृष्ठभागावरचा क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ संरक्षक पापुद्रा भेदते आणि धातूला सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडू लागतात. ही छिद्रे डोळ्यांना दिसेपर्यंत बरेच नुकसान झालेले असते. शिवाय गरम किटलीत हे ॲसिड पडले तर त्याच्या वाफा थेट नाकातोंडात जातात. त्याच मोरीत कोणी ब्लीचिंग पावडर किंवा कपड्यांचे ब्लीच वापरले असेल, तर दोन्ही एकत्र येऊन क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो. आपल्या काकूंचा हेतू चांगला असला, तरी फरशीचा उपाय फरशीपुरताच राहू द्यावा.

आता हा थर मुळात काय आहे ते पाहू, कारण ते कळले की उपाय आपोआप सुचतो. त्र्यंबकच्या डोंगरांवर पडलेला पाऊस गोदावरीतून गंगापूर धरणात येतो, तेव्हा त्याला खडकात मुरण्यास फारसा वेळ मिळालेला नसतो. म्हणून धरणाचे पाणी बोअरच्या तुलनेने मऊ असते. बोअरचे पाणी मात्र काळ्या पाषाणाच्या भेगांमधून दीर्घ काळ झिरपलेले असते आणि वाटेत मातीतला कार्बन डायऑक्साइड सोबत घेऊन त्याने कॅल्शियम व मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळवून आणलेले असतात. शाळेच्या पुस्तकात आपण ज्याला दुष्फेन पाणी म्हणत होतो, ते हेच. हे पाणी तापले की बायकार्बोनेट फुटते, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे अविद्राव्य कॅल्शियम कार्बोनेट उरते, जे सर्वांत गरम जागी, म्हणजे किटलीच्या तळाशी, जाऊन बसते. आपण अंड्याच्या कवचाची उपमा सहज दिली असेल, पण ती अगदी नेमकी आहे, कारण अंड्याचे कवचही जवळजवळ सगळे याच पदार्थाचे असते. अंडे व्हिनेगरमध्ये ठेवून कवच विरघळवण्याचा प्रयोग आपण किंवा आपल्या मुलांनी कधीतरी केला असेल. किटलीतही तोच प्रयोग करायचा आहे.

त्यासाठी सर्वांत सोयीचे द्रव्य म्हणजे लिंबूसत्त्व, अर्थात सायट्रिक ॲसिडचे खडे. रविवार कारंजा किंवा मेन रोडच्या बाजूला बेकरीचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत आणि बहुतेक मोठ्या किराणा दुकानांत ते सुटे मिळते. खाण्याच्या प्रतीचेच घ्यावे. एक लिटर पाण्याला २५ ग्रॅम, म्हणजे सुमारे दोन सपाट मोठे चमचे, एवढे प्रमाण पुरेसे आहे. हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. समजा, आपल्या पाण्यात उकळल्यावर खाली बसणारा क्षार लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे. रोज दोन लिटर पाणी उकळले तर महिन्याला जास्तीत जास्त १८ ग्रॅम क्षार साचेल (प्रत्यक्षात त्यातला बराचसा पाण्याबरोबर ओतला जातो) आणि एक ग्रॅम क्षार विरघळवण्यासाठी साधारण १.४ ग्रॅम खडे लागतात. १८ ला १.४ ने गुणले की २५ येतात. आपला थर दोन वर्षांचा आहे, त्यामुळे एका खेपेत तो संपूर्ण निघेल अशी अपेक्षा ठेवू नये.

कृती अशी करावी. किटलीत निम्म्यापर्यंत साधे पाणी घेऊन गरम करावे, बटण बंद करावे, पिन काढावी आणि किटली बैठकीवरून उचलून बाजूला ठेवावी. दहा-पंधरा मिनिटांनी, पाणी चांगले गरम आहे पण उकळत नाही अशा वेळी, मोजून घेतलेले खडे थोडे थोडे करून टाकावेत. नुकत्या उकळलेल्या पाण्यात सगळे खडे एकदम टाकले तर फसफसून पाणी बाहेर येते आणि हात भाजतो. झाकण उघडे ठेवून तासभर तसेच राहू द्यावे. तळातून बारीक बुडबुडे येत राहतील, तो कार्बन डायऑक्साइड आहे. बुडबुडे थांबले आणि थर अजून शिल्लक असेल, तर ॲसिड संपले असे समजावे आणि पाणी फेकून नवे मिश्रण करावे. खडे टाकल्यानंतर मात्र किटली पुन्हा चालू करू नये. शेवटी मऊ फडक्याने पुसून, तीन-चार वेळा खळखळून धुऊन, दोन वेळा स्वच्छ पाणी उकळून फेकून द्यावे.

खडे मिळाले नाहीत तर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन हेच करता येते. आपल्याकडच्या व्हिनेगरमध्ये सुमारे ४ टक्के ॲसेटिक ॲसिड असते, त्यामुळे वेळ जास्त लागतो आणि घरभर वास दरवळतो. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र घालण्याचा सल्ला वारंवार वाचायला मिळतो. तो कृपया मानू नये. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात, फेस भरपूर येतो, पाहणाऱ्याला समाधान वाटते आणि क्षार होता तिथेच राहतो. पोटासाठी घेतल्या जाणाऱ्या फसफसणाऱ्या पुडीचेही तेच आहे. तुरटीचा गुण वेगळा आहे. पावसाळ्यात नदीला लाल पाणी आले की त्यातला गाळ तुरटीने खाली बसतो. जे पाण्यात विरघळलेले आहे त्याला ती हात लावत नाही.

आईच्या प्रकृतीबद्दल आपण विचारले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पाण्याच्या कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही. भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास ६०० पर्यंत सूट आहे. म्हणजे त्या कपच्या किळसवाण्या वाटल्या, तरी पोटात गेल्यास विष नव्हेत. त्यांना मूत्रपिंडाचा काही विकार असेल आणि पाण्याबद्दल वैद्यांनी काही पथ्य सांगितले असेल, तर अर्थातच त्यांचे ऐकावे. बोअरच्या पाण्याची मला खरी काळजी वाटते ती वेगळ्या कारणांसाठी, नायट्रेट आणि जिवाणूंसाठी, आणि त्यांचा या पांढऱ्या थराशी संबंध नाही. सोसायटीने वर्षातून एकदा पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावा, असे मी आमच्याही सभेत दर वर्षी सांगतो.

सातपूरचा दुरुस्तीवाला

सरांनी रसायन समजावून सांगितले आहे, मी यंत्राच्या बाजूने लिहितो. मिक्सर, गिझर आणि किटल्या दुरुस्त करण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत.

पाणी उकळण्याआधीच किटली बंद पडते, हे आपण लिहिलेले लक्षण थराचेच आहे. किटलीत बंद करणाऱ्या दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक वाफेवर चालते: पाणी उकळले की वाफ वरच्या भोकातून आत शिरून एका द्विधातूच्या चकतीपर्यंत पोहोचते, ती तापून वाकते आणि बटण पडते. दुसरी तळाच्या पत्र्याला चिकटून असते आणि रिकामी किटली चालू राहिली तर कॉइल जळू नये म्हणून ती वीज तोडते. तळावर जाड थर बसला की पत्र्याची उष्णता पाण्यात लवकर जात नाही, पत्रा प्रमाणाबाहेर तापतो आणि ही दुसरी चकती किटली रिकामी आहे असे समजून वीज बंद करते. ती थंड होईपर्यंत किटली पुन्हा चालू होत नाही, हेही आपल्या वर्णनाशी जुळते. थर निघाला की बहुतेक वेळा हा दोष आपोआप जातो, म्हणून आधी सफाई करावी आणि त्यानंतरच दुरुस्तीचा विचार करावा. मात्र असे रोज होऊ देऊ नये. चकती वारंवार पडून थकते, आणि कधीतरी पडायचे विसरली तर कॉइल जाते.

थरामुळे विजेचे बिल खूप वाढते असे सगळे सांगतात, त्याबद्दल माझे मत थोडे निराळे आहे. किटलीची कॉइल तळाच्या पत्र्याला जोडलेली असते आणि तिची उष्णता शेवटी बव्हंशी पाण्यातच जाते. दीड हजार वॅटच्या किटलीत एक लिटर साधे पाणी उकळण्यास साडेतीन-चार मिनिटे लागतात. थर असताना त्यात थोडी भर पडेल, पण बिल दुप्पट होत नाही. नुकसान होते ते कॉइलचे आणि चकतीचे.

आता हात लावण्यापूर्वीच्या गोष्टी. पिन भिंतीतून काढल्याशिवाय किटलीत ओला हात घालू नये. किटली कधीही नळाखाली आडवी धरू नये किंवा भांड्यांच्या टबात बुडवू नये, कारण तळाशी जेथे ती बैठकीवर बसते तेथील जोडणीत पाणी शिरले तर शॉक लागू शकतो. माझ्याकडे येणाऱ्या जळालेल्या किटल्यांपैकी बऱ्याच क्षाराने नव्हे, तर अशा धुण्याने जळालेल्या असतात. गेल्या वर्षी माझ्याच घरी पाहुण्यांनी प्रेमाने किटली घासून, पालथी घालून, टपटप पाणी निथळत असताना बैठकीवर ठेवली. सुदैवाने ईएलसीबीने, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचने, काम केले आणि फक्त घर अंधारात गेले. तळ ओला झालाच असेल तर कोरड्या फडक्याने पुसून दिवसभर उन्हात किंवा पंख्याखाली वाळू द्यावा.

सफाईचे पाणी कमाल खुणेच्या बरेच खाली ठेवावे. फेस वाफेच्या भोकातून आत शिरला तर ॲसिडचे पाणी थेट चकतीवर आणि स्विचवर जाते. झाकणातले ते भोकही एकदा पाहून घ्यावे. तेथे क्षार साचला असेल तर उलटा प्रकार होतो, म्हणजे पाणी खळखळ उकळत राहते आणि किटली बंदच होत नाही. ओल्या फडक्याने पुसावे, सुई घालू नये. तोटीपाशी जाळी असल्यास ती बहुधा ओढून निघते. वाटीत लिंबूसत्त्वाचे पाणी घेऊन वेगळी भिजत घालावी.

तांबूस ठिपक्यांची चिंता करू नये. ते स्टीलला आलेले गंज नसून तारेच्या घासणीचे कण स्टीलमध्ये अडकून गंजलेले असतात आणि लिंबूसत्त्वाच्या पाण्याने निघून जातात. ओरखड्यांवर संरक्षक पापुद्रा हवेने पुन्हा तयार होतो, पण त्या खडबडीत जागी पुढचा थर अधिक घट्ट धरतो. म्हणून घासणी आता कायमची बाजूला ठेवावी. स्वच्छतेनंतरही किटली अवेळी बंद पडली, तळाशी जळका वास आला, जोडणीचे प्लॅस्टिक तपकिरी झाले किंवा स्पर्शाला झिणझिण्या जाणवल्या, तर ती दुरुस्त करण्यात पैसे घालवू नयेत. नवी घ्यावी.

पंचवटीची सून

एक गोष्ट वरच्या दोन्ही उत्तरांत राहून गेली आहे, आणि माझ्या ओट्यावर तिचा कायमचा पुरावा असल्यामुळे सांगते. हे काम कडप्प्याच्या ओट्यावर करू नये. आमच्या जुन्या घरात ओटा कडप्प्याचा आहे. मी व्हिनेगरचे पाणी किटलीत घालून ठेवले होते, तोटीतून थेंब थेंब ओघळून रात्रभर ओट्यावर साचले आणि सकाळी काळ्या दगडावर राखाडी, निस्तेज ओघळ उमटले होते. तेल लावून पाहिले, मेण लावून पाहिले, ते गेले नाहीत. नंतर कळले की कडप्पा आणि शहाबादी हे चुनखडीचेच दगड आहेत, त्यामुळे जे ॲसिड किटलीतला थर खाते तेच ओट्यालाही खाते. संगमरवर आणि जुनी मोझॅकची फरशी यांचेही तसेच होते. ग्रॅनाइटला धोका नाही. ज्यांच्याकडे ग्रॅनाइट नाही त्यांनी किटली स्टीलच्या परातीत ठेवावी आणि उरलेले पाणी मोरीच्या तोंडाशी भरपूर साध्या पाण्याबरोबर ओतावे.

लिंबाबद्दल विचारणारे कोणी असेल तर, लिंबानेही काम होते, परंतु दोन वर्षांच्या थराला ते पुरत नाही. लिंबाच्या रसात साधारण ५-६ टक्के सायट्रिक ॲसिड असते, म्हणजे २५ ग्रॅमसाठी जवळजवळ अर्धा लिटर रस लागेल. उन्हाळ्यात नाशिकमध्ये लिंबांचा जो भाव असतो, तो पाहता हा हिशेब कोणाला परवडणार? मी रस काढलेल्या लिंबांची साले फेकत नाही. दर पंधरा दिवसांनी चार-पाच साले किटलीत घालून वर गरम पाणी ओतते, तासाभराने काढून धुते. नवा थर इतका पातळ असतो की एवढ्यावर निघतो. साले किटलीत घालून उकळू मात्र नयेत, त्यांचा गर वाफेच्या भोकात अडकतो.

सासूबाई सांगतात की पूर्वी घरी तांब्याचा बंब होता, त्याच्याही नळीत असेच चुन्याचे कडे बसायचे आणि भांडीबाजारातला तांबट वर्षातून एकदा तो ठोकून मोकळा करून द्यायचा. आता ठोकण्यासारखी वस्तूच घरात उरली नाही.

गंगाघाट चहावाला

मंडळी, माझ्या टपरीवर ॲल्युमिनियमची, ज्याला आम्ही जर्मनची म्हणतो ती, मोठी किटली आहे. तिच्यातही आतून थर आहे. हेच लिंबूसत्त्व तिला चालेल का?

निवृत्त विज्ञानशिक्षक, नाशिक रोड

चालेल, पण फार सांभाळून. ॲल्युमिनियम आम्लातही झिजते आणि सोड्यातही झिजते, त्यामुळे धुण्याचा सोडा तर मुळीच वापरू नये. लिटरला एक लहान चमचा लिंबूसत्त्व, कोमट पाणी आणि दहा-पंधरा मिनिटे, एवढ्यावर थांबावे. रात्रभर भिजत ठेवू नये. कुकरमध्ये डाळ-भात लावताना तळाच्या पाण्यात चिंचेचा तुकडा किंवा लिंबाची फोड टाकतात आणि आतला काळेपणा येत नाही, तेथेही आम्ल इतकेच सौम्य असते. आपल्या किटलीत फक्त तयार चहा ओतून ठेवला जात असेल, तर आतला थर चुन्याचा नसून बहुधा चहाचा आणि दुधाचा असेल. लिंबाचा थेंब टाकून पाहावा. बुडबुडे आले तर चुना, नाही आले तर गरम पाणी आणि भांड्यांचा साबण पुरेसा आहे.

वालदेवीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल सुट्टी असल्यामुळे हे काम केले आणि एका ठिकाणी माझ्याकडून चूक झाली, ती प्रांजळपणे सांगतो.

शंभर ग्रॅम लिंबूसत्त्व आणले. पहिल्या खेपेला सरांनी सांगितल्याप्रमाणे गरम पाण्यात टाकून तासभर ठेवले. बुडबुडे सुरू झाले, पाणी पांढुरके झाले आणि थराचा निम्मा भाग सुटून तळाशी पडला. इतके यश पाहून माझा धीर सुटला. उरलेला थर लवकर निघावा म्हणून दुसऱ्या खेपेला खडे अंदाजाने, बहुधा कमीच, घातले आणि किटली चालू करून मिश्रण उकळले. फेस आला, पण सुदैवाने भोकापर्यंत पोहोचला नाही. मात्र पाणी ओतल्यावर तळावर आणि भिंतींवर मऊ, पांढरी, पिठासारखी साय दिसली, जी आधी नव्हती. बोटाने पुसली तर निघते, परंतु व्हिनेगरचा थेंब टाकला तर त्यातून बुडबुडे येत नाहीत. हे काय आहे आणि ते घातक आहे का?

परात वापरली होती, त्यामुळे ओटा वाचला. त्याबद्दल पंचवटीच्या ताईंचे विशेष आभार.

निवृत्त विज्ञानशिक्षक, नाशिक रोड

घातक नाही. ते कॅल्शियम सायट्रेट आहे, जे कॅल्शियमच्या गोळ्यांमध्येही घालतात. बहुतेक क्षार गरम पाण्यात अधिक विरघळतात. हे महाशय उलटे आहेत, पाणी जितके गरम तितके ते कमी विरघळतात. त्यात ॲसिड कमी पडले आणि मिश्रण उकळले, म्हणून विरघळलेला चुना या नव्या रूपात पुन्हा खाली बसला. उकळू नये असे मी लिहिले त्यामागे फेस हे एक कारण होते आणि हे दुसरे. कारण न सांगता नुसती सूचना दिली, हा दोष माझा. शिक्षकाने तो करायला नको होता. मऊ फडक्याने साय पुसून काढावी आणि नंतर पुन्हा मोजून २५ ग्रॅम खडे लिटरभर कोमट पाण्यात घालून दोन तास ठेवावे. या वेळी घाई करू नये.

त्यानंतरही तळाशी एखादा काचेसारखा, करडा, न फसफसणारा पट्टा राहिला तर त्याच्याशी झगडू नये. आपल्या काळ्या पाषाणातल्या पाण्यात सिलिकाही असते आणि तिचा थर लिंबूसत्त्वाने निघत नाही. तो पातळ असतो, राहू द्यावा. स्टीलवर निळसर-सोनेरी झाक दिसली तर तीही बिघाड नव्हे, तापलेल्या धातूवरचा ऑक्साइडचा रंग आहे.

सातपूरचा दुरुस्तीवाला

यापुढे थर कमी बसावा यासाठी एक साधी सवय पुरते: लागेल तेवढेच पाणी भरावे आणि उरलेले रात्रभर किटलीत ठेवू नये. घरात आरओ असेल तर किटलीपुरते त्याचे पाणी वापरावे, थर जवळजवळ बसणारच नाही. पण केवळ किटलीसाठी आरओ बसवू नये. त्यातून वाया जाणारे पाणी पाहता दर महिन्याला २५ ग्रॅम लिंबूसत्त्व कितीतरी स्वस्त पडते. धरणाचे पाणी जास्त मिळते त्या पावसाळी महिन्यांत दोन महिन्यांनी एकदा केले तरी चालेल, आणि मार्च ते जून मात्र दर तीन आठवड्यांनी करावे.

वालदेवीकाठ

आज सकाळी तिसरी खेप झाली. या वेळी स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरला, पाणी कोमट ठेवले, किटली परातीत ठेवून घड्याळ लावले आणि दोन तास तिकडे फिरकलो नाही. साय गेली, थर गेला, तांबूस ठिपके गेले. तळाशी रुपयाएवढा एक करडा डाग राहिला आहे, त्यातून बुडबुडे येत नाहीत, म्हणजे सरांनी सांगितलेली सिलिकाच असावी. तो तसाच ठेवला आहे. झाकणातल्या भोकाच्या कडेला क्षाराची बारीक कड होती, ती ओल्या फडक्याने पुसून काढली.

त्यानंतर एक लिटर पाणी लावले. चार मिनिटांच्या आत उकळी आली, वाफ वर गेल्यावर बटण पडले, मध्ये कोठेही खटका झाला नाही. पुन्हा दोनदा लावून पाहिले, तरी तसेच. सोसायटीच्या पाणी तपासणीचा विषय येत्या सभेच्या विषयपत्रिकेत घालण्यासाठी सचिवांना पत्र दिले आहे.

सूचनेप्रमाणे पहिली दोन पाणी फेकून दिली. आईने तिसऱ्या पाण्याचाही वास घेतला, ते तुळशीला घातले, आणि चौथ्या पाण्याचा चहा घेतला.